तवा घ्यायचाय: बिडाचा, पत्र्याचा की नॉनस्टिक?

रोज पोळ्या-भाकरी होत असतील तर लोखंडी पत्र्याचा तवा घ्या. घावन, आंबोळी, डोसे नेहमी होत असतील तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. नॉनस्टिक हा तिसरा तवा, पहिला नव्हे.

बीड उष्णता धरून ठेवतं असं म्हणतात ते खरं, पण बरेचदा कारण चुकीचं सांगतात. ग्रॅमाला ग्रॅम धरलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतं. फरक वजनाचा आहे. २५ सेंमी व्यासाचा, ४ मिमी जाडीचा तवा बिडाचा असला तर साधारण १४०० ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा जेमतेम ५३०. त्यामुळे घावनाचं गार पीठ पडलं तरी बिडाचा तवा फारसा थंडावत नाही, पाण्याची झटकन वाफ होते आणि जाळी पडते. पातळ तव्यावर दुसरं-तिसरं घावन चिकटतं ते यामुळेच.

हाच गुण पोळीला आड येतो. बीड तापायला मंद आचेवर सात-आठ मिनिटं लागतात आणि एकदा जास्त तापलं की गॅस कमी करूनही लवकर उतरत नाही. पोळीवर काळे डाग पडत राहतात. दोन-अडीच मिमीचा पत्र्याचा तवा आच कमी केली की लगेच ऐकतो.

बीड मोठ्या आचेवर घाईने तापवू नका. उष्णता त्यातून ॲल्युमिनियमच्या मानाने चौपट-पाचपट संथ पसरते. मधला भाग तापून फुगतो, कडा गार राहते आणि बीड ठिसूळ असल्यामुळे तडकतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तेच. पत्र्याचा तवा तडकत नाही, वाकतो. मग इंडक्शनवर डुगडुगतो.

नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो आणि ३५०च्या पुढे त्यातून घातक धूर निघतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांत तिथवर जातो. भाकरीला लागणारी आच त्याला सोसत नाही. ऑम्लेट, धिरडं मध्यम आचेवर करा. इंडक्शन असेल तर तळाला चुंबक चिकटतं का ते दुकानातच पाहा. नुसत्या ॲल्युमिनियमचा तवा त्यावर तापणारच नाही.

लोखंडाचे दोन्ही तवे वापरण्याआधी तयार करावे लागतात. साबणाने धुवा, आचेवर कोरडे करा, चमचाभर शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल चोळा आणि सुक्या फडक्याने पुसून काढा. तेल दिसताच कामा नये. मग धूर येईपर्यंत मध्यम आचेवर तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक थर बनतो. तेल जास्त झालं तर मात्र चिकट राळ होते, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. कोकणात घावनाआधी नारळाच्या शेंडीने तेल फिरवतात. ब्रशचे प्लॅस्टिकचे केस वितळतात, शेंडी वितळत नाही.

टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेलं काही या तव्यांवर शिजवू नका, आंबटाने थर निघतो. गंज आलाच तर तारेच्या घासणीने काढा आणि पुन्हा तेलापासून सुरुवात करा. नॉनस्टिकचा थर सोलवटला की ही सोय नाही, तो बदलावाच लागतो.