अमेरिकी लष्कराची जुनी रिळं बारावीच्या वर्गात : ८ महिन्यांचा अनुभव

पहिली फीत लावली तेव्हा स्पीकर बिघडला असं समजून दोन मुलं वायर तपासायला उठली. स्पीकर ठीक होता. फीतच मुकी होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. बारावीला महायुद्धं आहेत, शीतयुद्ध आहे, आणि माझ्याकडे फळा आणि खडू. गेल्या जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत मी नॅशनल आर्काइव्ह्ज या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर खुल्या केलेल्या चित्रफिती उतरवून घेतल्या आणि वर्गात दाखवल्या. साठेक उतरवल्या, त्यातल्या विसेक प्रत्यक्ष कामी आल्या. पैसे लागत नाहीत. अमेरिकी सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्रीकरणावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे वर्गात दाखवताना मनात धाकधूक नव्हती. खाजगी देणगीतून आलेल्या फितींचं मात्र वेगळं असतं, तिथली हक्कांची नोंद आधी वाचावी.

आता त्या मुकेपणाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात सिग्नल कोअरचे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन दलाचे, छायाचित्रकार आघाडीवर आयमो नावाचा चावीचा कॅमेरा हातात धरून फिरत. त्यात ३५ मिलिमीटरची १०० फुटांची फिल्म बसे. ती मिनिटभरात संपे आणि आवाज टिपायची सोयच नव्हती. माहितीपटांत आपण ऐकतो तो तोफांचा गडगडाट बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत चढवलेला असतो. हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती मला कुठल्याच व्याख्यानाने साधली नव्हती. नुसता बोटीतून उतरणारा माणूस, पाणी, आणि आवाज नाही. मुलं चेहरे बघायला लागली.

म्हणून माझा आग्रह आहे की तयार माहितीपटापेक्षा आधी न कापलेली रिळं बघावीत. सुरुवातीला पाटी दिसते, तिच्यावर तारीख आणि ठिकाण. मग कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघून टोपी सरळ करतो. संकलक हे सगळं कापून टाकतो, पण माणूस नेमका तिथेच सापडतो.

सगळ्यात जास्त तास खाल्ले लेडो रस्त्याने. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा हा रस्ता. १९४५च्या जानेवारीत त्यावरून पहिला ताफा चीनकडे निघाला. फितीत चिखलात रुतलेले बुलडोझर, पाऊस, डोक्यावर दगडांच्या पाट्या घेतलेले आपले मजूर दिसतात. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, राबतायत ते सगळे काळे आणि हुकूम देतायत ते गोरे, असं का?" धड्यात हे नव्हतं. या रस्त्यावर काम केलेल्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय होते, आणि त्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. ही विभागणी संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणारं सैन्यच रंगावर विभागलेलं होतं, हे मी दरवर्षी सांगते. त्या दिवशी ते मुलीने स्वतः पाहिलं.

पण सरकारी कॅमेरा किती खोटं बोलू शकतो, हेही याच साठ्यात आहे. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलाच्या तळावर जपानने हल्ला केल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने, पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक. त्यावर सरकारने काढलेल्या लघुपटाचं निवेदन स्थलांतर खात्याचे पहिले संचालक मिल्टन आयझेनहॉवर यांचं आहे. पडद्यावर सामान बांधणारी शांत कुटुंबं, आणि निवेदनाचा सूर असा, की लोक आनंदाने सहकार्य करतायत. मी तो आधी आवाजासह दाखवला, मग आवाज बंद करून. दुसऱ्या खेपेला एका मुलाच्या लक्षात आलं की काटेरी तार कुठे फारशी दिसतच नाही, म्हणजे कॅमेरा कुठे उभा करायचा हे कोणीतरी ठरवलं होतं. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून या लोकांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. हा एक तास मला वर्षभराच्या शिकवण्याहून मोलाचा वाटतो.

शीतयुद्धाच्या धड्याला 'डक अँड कव्हर' हा सरकारी लघुपट पुरला. १९५१चा, बर्ट नावाच्या कासवाचा, अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली शिरा असं शाळकरी मुलांना शिकवणारा. मुलं सुरुवातीला हसली. मी हिरोशिमाची फीत लगेच पुढे लावली. मग कोणी हसलं नाही.

शोधताना जुनी नावं वापरा. कोलकाता घालून मला काही मिळेना, कलकत्ता घातल्यावर रांग लागली. म्यानमार नाही, बर्मा. फितीच्या क्रमांकात सुरुवातीला १११ असेल तर ती सिग्नल कोअरची, ३४२ असेल तर हवाई दलाची. हे कळल्यावर माझा निम्मा वेळ वाचला. रंगीत फितींत कोडाक्रोम या कोडॅक कंपनीच्या फिल्मचे रंग आजही ताजे दिसतात, नंतरच्या काही फिती मात्र उडून गुलाबी पडल्यात. आणि एक कळकळीची विनंती: याच फितींना खोटे आवाज आणि संगणकी रंग चढवून दाखवणारे व्हिडिओ वर्गात वापरू नका. मी सुरुवातीला एक असा वापरला आणि पुढच्या तासाला मुलांपुढे चूक कबूल करावी लागली.

जे नाही त्याचंही दुःख आहे. ७ डिसेंबर १९७८ला मेरीलँडमधल्या सूटलंड इथल्या कोठारात नायट्रेट फिल्मला, म्हणजे जुन्या काळच्या चटकन पेटणाऱ्या फिल्मला, आग लागली आणि युनिव्हर्सल कंपनीच्या बातमीपटांची १ कोटी २६ लाख फूट फिल्म जळाली. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. १९२९ ते १९६७ या काळात आठवड्याला दोनदा निघणाऱ्या त्या बातमीपटांतलं जे उरलंय ते बघताना दर वेळी गेलेल्याची आठवण येते.

शेवटचं घरचं. माझे वडील मिरजेचे. मिशन हॉस्पिटलमुळे त्या गावाला अमेरिकन माणसं नवी नव्हती. साठच्या दशकात अमेरिकी माहिती खात्याची गाडी मैदानावर पडदा लावून चित्रपट दाखवायची, ते त्यांना आठवतं. गंमत अशी की परदेशासाठी काढलेले हे चित्रपट खुद्द अमेरिकेत दाखवायला १९४८च्या कायद्याने मनाई होती. १९९० साली तो बदलला. जानेवारीत मी वडिलांना दिग्दर्शक जेम्स ब्लू यांचा १९६४चा 'द मार्च' लावून दिला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचा. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण शेवटाकडे आहे. त्याआधी बराच वेळ माणसं नुसती तयारी करतात: फलक रंगवतात, बसमध्ये बसतात, मोर्चेकऱ्यांसाठी सँडविच बांधतात.

वडील पुढे सरकले. म्हणाले, "थांब, ते परत लाव. शिदोरी बांधतायत बघ, वारीला निघाल्यासारखी."

मी परत लावलं. तेवढा भाग त्यांनी तीनदा पाहिला.