परफेक्शनिझमवरचा ऑनलाइन समुपदेशन कार्यक्रम : अ‍ॅस्पर्जर असलेल्या ग्राहकाचे परीक्षण

परफेक्शनिझमचा, म्हणजे प्रत्येक गोष्ट निर्दोषच हवी या आग्रहाचा, त्रास कमी व्हावा म्हणून आखलेला एक ऑनलाइन समुपदेशन कार्यक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर एक सत्र, मधल्या दिवसांत अ‍ॅपमधून येणारा गृहपाठ आणि समुपदेशिकेला लेखी संदेश पाठवण्याची सोय, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. पद्धत सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांत अडकलेली साखळी तपासून ती बदलू पाहण्याची. कार्यक्रम सर्वसाधारण ग्राहकासाठी आहे. प्रौढ वयात ऑटिझमचाच एक प्रकार मानल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पर्जरचे निदान झालेल्या माझ्यासारख्या व्यक्तीला समोर ठेवून तो बेतलेला नाही, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या फरकाविषयी आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण खाली नोंदवलेल्या बहुतेक गोष्टी अशा प्रकारच्या कोणत्याही सेवेला लावून पाहता येतील.

नोंदणीच्या अर्जात अ‍ॅस्पर्जर असा पर्याय नव्हता, फक्त ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ होता. त्याबद्दल तक्रार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९९४ साली स्वतंत्र स्थान मिळालेले हे निदान २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये सामावले गेले आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही तेच झाले. जुने निदान हाती असलेली आमच्यासारखी माणसे सवयीने जुनाच शब्द वापरतात, एवढेच. तक्रार आहे ती त्या खुणेचे पुढे काहीच झाले नाही याची. पहिल्या सत्रात समुपदेशिकेने माझा अर्ज वाचलेला नव्हता, आणि वाचला असता तरी कार्यक्रमाच्या आखणीत त्या माहितीला जागा नव्हती.

अर्जानंतर येते ती प्रश्नावली. ‘गेल्या दोन आठवड्यांत चुकांच्या विचाराने तुम्ही किती वेळा अस्वस्थ झालात?’ या प्रश्नाला ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ आणि ‘वारंवार’ असे चार पर्याय आहेत. ‘बऱ्याचदा’ आणि ‘वारंवार’ यांतली सीमारेषा कुठेही दिलेली नाही. परफेक्शनिझम असलेल्या माणसाला अचूक उत्तर द्यायचे असते आणि अ‍ॅस्पर्जर असलेल्या माणसाला प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचायचा असतो. हे दोन्ही एकाच डोक्यात असले की अशा प्रश्नावलीला किती वेळ लागेल याची कल्पना ती तयार करणाऱ्यांना नसावी. मध्येच थांबून उत्तरे जपून ठेवण्याची सोय नाही आणि ठरावीक वेळ उलटली की प्रश्नावली आपोआप बंद होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून भरावे लागते. प्रत्येक पर्यायापुढे ‘आठवड्यातून एकदा’, ‘जवळजवळ रोज’ असे लिहिले असते, तरी निम्मा त्रास वाचला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कार्यक्रमाचे पहिले काही धडे परफेक्शनिझमची ओळख करून देतात आणि ते चांगले लिहिले आहेत. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली मांडलेले तीन प्रकार, म्हणजे स्वतःकडून, इतरांकडून आणि ‘इतरांची माझ्याकडून’ असलेली परिपूर्णतेची अपेक्षा, त्यांत सोप्या भाषेत उलगडले आहेत. पुढचा सगळा डोलारा मात्र एका गृहीतकावर उभा आहे : माणूस बारकाव्यांत अडकतो, कारण चूक झाली तर आपली किंमत कमी होईल अशी त्याला भीती वाटते. भीती खोटी आहे हे अनुभवाने पटले की अडकणे सुटेल.

माझ्या बाबतीत हे एक तृतीयांश खरे आहे. उरलेल्यातला एक भाग भीतीचा नसून दिसण्याचा आहे. तांत्रिक माहितीपत्रकांचे संपादन हा माझा व्यवसाय; पानावर दोन मुद्द्यांमधले अंतर इतरांपेक्षा किंचित जास्त असेल, तर मजकुराचा अर्थ लागण्याआधी मला ते अंतर दिसते, आणि दुरुस्त होईपर्यंत दिसतच राहते. कोण काय म्हणेल हा विचार तिथे नसतो. ते पान फक्त मीच पाहणार असले तरी हेच घडते. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचे सविस्तर वर्णन करताना सारखेपणाचा आग्रह नोंदवला होता, आणि समग्र चित्राआधी तपशील टिपणारी आकलनाची धाटणी मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ साली मांडली. कार्यक्रमाच्या धड्यांत यापैकी कशाचाही मागमूस नाही. दुसरा भाग संदिग्ध सूचनांचा. ‘थोडक्यात टिपण द्या’ असे कोणी सांगितले की थोडक्यात म्हणजे अर्धे पान की पाच पाने, हे इतरांना बहुधा न सांगता कळते. मला कळत नाही, म्हणून मी सर्व शक्यतांना पुरेल एवढे काम करून ठेवते. बाहेरून ते परफेक्शनिझमसारखेच दिसते.

भीती आहेच. लहानपणापासून बोलणे, बसणे, उभे राहणे, डोळ्यांत पाहणे यांबद्दल सतत टोकले गेल्यावर माणूस प्रत्येक वाक्य पाठवण्यापूर्वी तपासू लागतो, आणि तपासणे थांबवले तर काय होईल याचा त्याचा अंदाज निव्वळ कल्पनेतून आलेला नसतो. तसे घडलेले असते. सत्रांत ‘वाईटात वाईट काय होईल?’ असे विचारले जाते. माझ्याकडे त्याच्या उत्तरांची तारीखवार यादी आहे. ‘तुमचा विचार वस्तुस्थितीला धरून आहे का?’ हा सीबीटीतला हुकमी प्रश्न अशा वेळी लंगडा पडतो आणि त्याला पर्यायी प्रश्न समुपदेशिकेजवळ सुरुवातीला नव्हता.

या सगळ्याचा कळस म्हणजे ‘जाणूनबुजून चूक करा’ हा गृहपाठ. सीबीटीत असे प्रयोग रूढ आहेत : पत्रात एक अशुद्ध शब्द ठेवायचा, ते पाठवायचे आणि जग कोसळत नाही हे पाहायचे. चूक केवढी, कोणत्या प्रकारची आणि कुठे असावी, याबद्दल गृहपाठात एक अक्षर नव्हते. परिणामी कोणती चूक नेमकी योग्य ठरेल याची छाननी करण्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली, आणि शेवटी निवडलेली चूक इतकी निर्दोष होती की तिला चूक म्हणणे अवघड होते. ते पत्र पाठवल्यावर कोणी काही म्हणाले नाही, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण तो अशुद्ध शब्द मात्र पाठवलेल्या पत्रांच्या यादीत आजही मला दिसतो, आणि भीती कमी होऊन तो दिसेनासा होईल अशी शक्यता नाही, कारण तो दिसण्यामागे भीती नव्हतीच.

इथे समुपदेशिकेला श्रेय द्यायला हवे. हा अनुभव मी लेखी कळवला आणि सोबत ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा संबंधित भाग जोडला. सीबीटी देताना ती अधिक ठोस व आखीव करावी, लेखी आणि दृश्य साहित्य वापरावे, विचारांपेक्षा वर्तनातील बदलावर अधिक भर द्यावा, नियम उघड सांगावेत, रूपके आणि ‘समजा असे झाले तर’ छापाचे प्रसंग यांचा अतिवापर टाळावा, मध्ये विश्रांती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. समुपदेशिकेने ते वाचले, पुढच्या सत्राचे विषय आदल्या दिवशी लिहून पाठवले आणि ‘मनाच्या आकाशातले ढग’ वगैरे भाषा त्या दिवसापासून बंद झाली. ग्राहकाने स्वतः कागद पुरवल्यावर हे व्हावे ही सेवेची उणीव आहे. पण ते झाले, आणि तत्परतेने झाले.

त्यानंतरचा टप्पा या कार्यक्रमातला सर्वांत उपयुक्त भाग ठरला. ‘कमी परिपूर्ण व्हा’ असे सांगणे थांबले आणि काम सुरू होण्याआधी ते कधी पूर्ण समजायचे याच्या अटी लिहून ठेवण्याची पद्धत ठरली. साध्या पत्रोत्तरासाठी तीन अटी : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, तारीख बरोबर आहे, समोरच्याचे नाव शुद्ध आहे. तिन्ही पूर्ण झाल्या की पत्र पाठवायचे. त्यानंतर जे खटकेल ते मनाविरुद्ध दडपायचे नाही, वहीत वेगळ्या रकान्यात टिपायचे आणि पुढच्या वेळी ते अटींमध्ये घेण्यासारखे आहे का ते पाहायचे. संदिग्ध सूचना देणाऱ्या सहकाऱ्यांना विचारायचे दोन ठरावीक प्रश्नही, किती लांबीचे आणि कोण वाचणार, आम्ही शब्दशः लिहून काढले. माझी नजर बदलण्याचा प्रयत्न यात नाही. काम हातातून सुटण्याला मात्र एक उघड नियम मिळतो, आणि नियम पाळणे मला जमते. चार ओळींच्या उत्तरावर आता अर्धा दिवस जात नाही. मोठ्या कामांत, विशेषतः स्वतःच्या आवडीच्या विषयात, हा उपाय अजून तोकडा पडतो. तिथे अटींची यादीच परिपूर्ण करत बसण्याचा धोका आहे.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. गृहपाठाची मांडणी स्वच्छ आहे, रंग सौम्य आहेत, आवाज बंद ठेवता येतो. अस्वस्थता ० ते १०० च्या पट्टीवर नोंदवायची असते, पण पट्टीवर फक्त दोन टोके लिहिलेली आहेत. स्वतःची भावना ओळखणेच ज्यांना अवघड जाते, आणि ऑटिझम असलेल्यांत हे बरेच आढळते, त्यांच्यासाठी ४० म्हणजे काय हे ठरवणे अंदाजपंचे काम आहे. याहून आश्चर्य वाटले ते सलग दिवसांच्या साखळीचे. रोज गृहपाठ केला की आकडा वाढतो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. परफेक्शनिझमवरच्या अ‍ॅपमध्ये हे कोणाला सुचले असेल, देव जाणे. साखळी बंद करता येते, पण तो पर्याय सेटिंग्जमध्ये इतक्या खोलवर आहे की तो मला समुपदेशिकेने दाखवला.

सत्रे ठरल्या वेळी सुरू होतात, कॅमेरा बंद ठेवण्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही आणि बोलण्याऐवजी लिहून उत्तर दिलेले चालते, या तिन्ही गोष्टी माझ्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एकदा मात्र समुपदेशिका रजेवर असताना ऐन वेळी दुसरी व्यक्ती समोर आली, आणि आधीच्या नोंदी तिच्यापर्यंत पोहोचल्या नसल्यामुळे ते सत्र ओळख करून देण्यातच संपले. असा बदल आदल्या दिवशी कळवणे सेवेला अवघड नसावे.

अ‍ॅस्पर्जर किंवा ऑटिझमचे निदान असलेल्या व्यक्तीने नोंदणीपूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : समुपदेशकाला ऑटिझम असलेल्या प्रौढांबरोबर काम केल्याचा अनुभव आहे का, आणि गृहपाठ बदलून मिळतो का. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर पैसे भरू नयेत. मी त्याच समुपदेशिकेबरोबर पुढच्या टप्प्यासाठी नाव नोंदवले आहे. गटसत्रांचा पर्याय घेतलेला नाही, कारण त्यांची विषयपत्रिका आगाऊ मिळत नाही.