आठ जणांचा तंबू, झोपणार सहाच

फायबरग्लासच्या काठ्यांचा हा घुमटाकार तंबू ‘आठ जणांचा’ म्हणून विकतात. माणशी जेमतेम दोन फूट रुंदी धरलेली असते. गाद्या, पिशव्या आणि रात्रभर लोळणारं एखादं पोर धरलं, तर सहाच मोजा.

कापड चांगलं आहे: 3000 मिलिमीटर जलरोधक (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसणारं), शिवणींवर आतून पट्टी. खरी रड खुंट्यांची. सोबतच्या बारीक सळ्या बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी-चोर्ल्याकडच्या जांभ्यात दोन ठोक्यांत वाकतात. लोहाराकडून 8 मिलिमीटर सळीच्या फूटभर खुंट्या करून घ्या आणि डोकं तंबूपासून बाहेर झुकवून ठोका. सरळ ठोकलेली वाऱ्यात उपटते. काठीचे तुकडे नळीत पूर्ण बसवा, नाहीतर नेमकी तिथेच चीर जाते.

खालची ताडपत्री तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी थेट अंथरुणाखाली!

डिसेंबरात पहाटे छत ठिबकतं, ती गळती नव्हे, श्वासाची वाफ. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. थंडीसाठी घ्याच; खानापूरच्या जुलैतल्या पावसासाठी मात्र नको.