सार्वजनिक पीसीसाठी विंडोजचं राइट फिल्टर : वर्षभर वापरल्यावर

वाचनालयातले सहा पीसी माझ्याकडे आहेत, कोणीही यावं आणि बसावं असे. आधी ग्रुप पॉलिसीने, म्हणजे वापरणाऱ्याला काय करता येईल हे ठरवणाऱ्या विंडोजच्या नियमांनी, कंट्रोल पॅनल बंद, राइट क्लिक बंद, हे बंद ते बंद असं करून ठेवलेलं, तरी आठवड्याभरात ब्राउझरचं होमपेज बदललेलं असायचं आणि ज्याला फक्त बायोडाटा प्रिंट करायचाय त्याचीच अडचण व्हायची. मग युनिफाइड राइट फिल्टर चालू केलं. विंडोजमध्येच येतं, वेगळं काही घ्यायचं नाही, फक्त एंटरप्राइज, एज्युकेशन किंवा आयओटी एंटरप्राइज एडिशन लागतं, होम आणि प्रोमध्ये नाही मिळत.

काम साधं आहे. सी ड्राइव्हवर जे काही लिहिलं जातं ते खऱ्या डिस्कवर न जाता ओव्हरले नावाच्या तात्पुरत्या जागेत जातं आणि रिस्टार्ट केलं की सगळं साफ. आता लोकांना काय करायचं ते करू देते, त्या पॉलिसीपण बऱ्याचशा काढून टाकल्या, आणि खरं सांगते, लोकांवर सतत संशय घेत बसण्यापेक्षा हे फार बरं वाटतं.

पण एक गोष्ट नीट बघा. ओव्हरले डीफॉल्टला रॅममध्ये असतो, 1024 एमबी. मी तसाच ठेवला होता आणि दुपारपर्यंत व्हिडिओ, डाउनलोड यातच भरला की मशिन जागच्या जागी अडकायचं. साइज बदलायला आधी फिल्टर बंद करून रिस्टार्ट करावं लागतं. वाढवल्यापासून त्रास नाही.

दुसरं, साफसफाई रिस्टार्टलाच होते. म्हणजे एकजण मेल उघडा ठेवून उठला तर पुढच्याला तो दिसणारच, म्हणून प्रत्येकानंतर रिस्टार्ट हवाच. अपडेटसाठी सर्व्हिसिंग मोड आहे, म्हणजे तेवढ्यापुरतं फिल्टर बाजूला ठेवून अपडेट बसवायची सोय, नाहीतर अपडेटही पुसले जातात. आणि पेनड्राइव्हवरून बूट करणाऱ्यापुढे फिल्टरचं काही चालत नाही, तिथे बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशिनच्या सेटिंगला) पासवर्ड लावून यूएसबी बूट बंद करा.

एका मुलीने दोन तास बसून टाइप केलेला अर्ज डेस्कटॉपवर सेव्ह केला, मशिन रिस्टार्ट झालं, अर्ज गेला. रडवेली झाली होती बिचारी. डी ड्राइव्ह मोकळा ठेवायचा विचार केला पण मग सगळ्यांची कागदपत्रं तिथे पडून राहणार, ते नको. त्या दिवसापासून प्रत्येक मॉनिटरवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय, फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा, इथे काही उरत नाही.