इन्सुलिन ओढण्याचे पाच महिने, त्यात एक वऱ्हाडी उन्हाळा

मला टाइप टू मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. त्यांपैकी शेवटची चार वर्षे मी दिवसातून चार वेळा सुई टोचून घेत होतो; रात्री एकदा दिवसभर पुरणारे ग्लार्जिन आणि तिन्ही जेवणांपूर्वी झटपट काम करणारे इन्सुलिन. गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी जेवणाच्या तीन सुया बंद करून श्वासावाटे ओढायची इन्सुलिनची पूड सुरू केली. रात्रीची सुई मात्र तशीच राहिली. हे आधी सांगतो, कारण भेटणाऱ्या प्रत्येकाचा समज असा आहे की आता माझी सुई कायमची सुटली. ही पूड फक्त जेवणानंतर चढणाऱ्या साखरेसाठी असते. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, आणि वीज जाऊन-येऊन असणाऱ्या घरात हे औषध कसे टिकते हे कोणी लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

औषध हाती पडण्याआधी फुप्फुसांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मोजण्याची तपासणी, करून घ्यावी लागली. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असणाऱ्यांना ही पूड देतच नाहीत, कारण त्यांच्या श्वासनलिका एकाएकी आकसू शकतात, आणि हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात अगदी वर, चौकटीत छापलेला असतो. विडी-सिगारेट चालू असेल किंवा सुटून सहा महिने झाले नसतील, तरीही हे औषध नको असे सांगतात. या काळजीमागे इतिहास आहे. श्वासावाटे इन्सुलिन देण्याचा पहिला प्रयत्न जर्मनीत 1920च्या दशकातच झाला होता; पण बाजारात आलेले पहिले औषध, एक्झुबेरा, अमेरिकेत 2006 साली मंजूर झाले आणि खप नसल्यामुळे 2007 मध्ये मागे घेतले गेले. त्याचे यंत्र बोजड होते आणि मात्रा युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये मोजावी लागे. ते घेतलेल्या आणि पूर्वी धूम्रपान करणाऱ्या काहींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग आढळल्याचे पुढे नोंदवले गेले. मी घेतो ते अफ्रेझा अमेरिकेत 2014 साली मंजूर झाले आणि भारतात त्याला डिसेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. मी विडी कधी ओढली नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, मात्र बावीस वर्षे खाल्ला. तो धुराचा नसल्यामुळे या नियमात बसत नाही, तरी तो सोडवून घेण्याची संधी डॉक्टरांनी दवडली नाही.

यंत्र म्हणजे मुठीत मावणारी शिट्टीच समजा. जांभळ्या बुडाचे झाकण उघडायचे, त्यात पूड भरलेले कार्ट्रिज ठेवायचे, मिटायचे, श्वास बाहेर सोडून टाकायचा, तोंडात धरून एका दमात आत ओढायचे आणि झेपेल तेवढा वेळ रोखून धरायचे. निळ्या कार्ट्रिजमध्ये 4 युनिट, हिरव्यात 8 आणि पिवळ्यात 12. पंधरा दिवसांनी यंत्र टाकून नवे घ्यायचे, आणि ते धुवायचे नाही. हे सगळे दोन दिवसांत अंगवळणी पडते. न पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कार्ट्रिज बसवल्यानंतर यंत्र उलटे-तिरपे होऊ न देणे. पहिल्याच आठवड्यात कार्ट्रिज बसवले आणि चष्मा खाली पडला म्हणून यंत्र हातात घेऊनच वाकलो. उठून नेहमीसारखे ओढले. घशाला नेहमीची कोरडी चव काही लागली नाही, तिकडे लक्ष दिले नाही. दोन तासांनी साखर 271 निघाली. पूड आतल्या आत सांडली होती. अशा वेळी ते कार्ट्रिज फेकून नवे बसवायचे असते हे मी वाचले होते, पण वाकताना कोणाला आठवते!

आता ज्यासाठी मी हे औषध घेतले त्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे वेळ. सुईचे दुखणे मला कधीच फारसे वाटले नाही. त्रास होता तो जेवणाआधी पंधरा मिनिटे हिशेब ठेवून टोचण्याचा. बागेत फवारणी चालू असेल, मोटार बंद पडली असेल, तर दुपारचे ताट एकला येईल की तीनला हे सौभाग्यवतींनाही ठाऊक नसते. ही पूड रक्तात फार लवकर उतरते, सुमारे बारा मिनिटांत काम सुरू करते, आणि 4 युनिटची मात्रा दीड तासात, 8ची तीन तासांच्या आत ओसरते. त्यामुळे ताट समोर आल्यावर ओढले की पुरते. चार वर्षांत दुपारच्या जेवणाला मी इतका निवांत बसलो नव्हतो.

पण ‘ताट समोर’ म्हणजे खरोखरच समोर. मार्चमध्ये मोर्शीकडे एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत पत्रावळ मांडली गेली तेव्हा सवयीने 8 युनिट ओढले. मीठ आले, लोणचे आले, आणि वाढपी दुसऱ्या टोकाला वरपक्षाकडे वळले. वीस मिनिटांनी हात कापू लागले व कपाळाला घाम फुटला. शेजारच्या गृहस्थाच्या पानात बुंदी पडली होती, ती मी न विचारता उचलून खाल्ली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिले आणि विचारले, “गुरुजी, तुमाले दमा कवापासून लागला?” नंतर ग्लुकोमीटरने 61 दाखवले. तेव्हापासून पहिला घास तोंडात गेल्याशिवाय मी यंत्र उघडत नाही.

लवकर ओसरण्याची दुसरी बाजू जेवणातल्या पदार्थांवर अवलंबून आहे. भात-वरणाला ही पूड नेमकी पुरते. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार, असे जेवण हळूहळू पचते. दीड तासाला साखर 150 असते, आपण खूश होतो, आणि चार तासांनी तीच 240 झालेली असते, कारण इन्सुलिन केव्हाच संपलेले असते. जानेवारीतल्या हुरड्यानेही मला असेच फसवले होते. डॉक्टरांनी अशा जेवणानंतर तपासून, लागल्यास 4 युनिट आणखी ओढण्याची मुभा दिली आहे. परंतु तेवढ्यासाठी दुपारची झोप मोडून बोट टोचावे लागते. सुईचे जुने इन्सुलिन अशा जड जेवणाला अधिक साजेसे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्रेच्या पायऱ्या चारचारच्या आहेत, त्याचा अडसर मला न्याहारीला आला. सुईने मी सकाळी 6 युनिट घेत असे. पोह्यांवर 4 ओढले तर साखर दोनशेच्या वर, 8 ओढले तर अकरा वाजता सत्तरच्या खाली. दीड महिना आम्ही दोन्ही करून पाहिले. शेवटी एप्रिलपासून सकाळी पुन्हा सुई आणि दोन्ही जेवणांना पूड, अशी तडजोड झाली.

एप्रिलनंतर खरी परीक्षा सुरू झाली. सीलबंद पाकिटे 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असतात. फ्रीजबाहेर काढल्यावर न फोडलेली पट्टी दहा दिवसांत आणि फोडलेली तीन दिवसांत संपवायची, बाहेर राहिलेली परत आत ठेवायची नाही, आणि ‘बाहेर’ म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपास, फार तर तीस. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असतो आणि माजघरातही अडतीस. कूलरसमोर गारवा असतो, पण ओल्या ताट्यांमधून येणारी ती दमट हवा या पुडीला चालत नाही. सुईच्या इन्सुलिनची बाटली मी पूर्वी उन्हाळ्यात दोन मडक्यांच्या मधल्या ओल्या वाळूत ठेवत असे आणि ती चांगली टिके. हा उपाय इकडे अनेक घरांत आहे. पुडीला तो लागू करण्याचे धाडस मी केले नाही. एका पट्टीत तीन कार्ट्रिज असतात, त्यामुळे हिरवी पट्टी दीड दिवसात संपते, एवढीच सोय. बागेत जाताना एक कार्ट्रिज बर्फाच्या पिशवीशेजारी, पण तिला टेकणार नाही असे, कापडात गुंडाळून नेतो, आणि थंडगार कार्ट्रिज ओढण्याआधी दहा मिनिटे बाहेर ठेवतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळी वादळाने खांब पडले आणि एकोणतीस तास वीज नव्हती. पहिले दहा तास फ्रीज उघडला नाही. पुढे आतले तापमान तीसच्या वर गेल्याचे थर्मामीटरवर दिसले, तेव्हा डॉक्टरांना फोन करून सगळा साठा बाद केला. त्याआधी एका दुकानाने मागवलेले खोके अमरावतीहून बसने आले होते, बर्फाचे पाणी होऊन पुठ्ठा भिजलेला. तेही मी घेतले नाही आणि पैसे परत मिळायला महिना गेला. आता एका वेळी पंधरा दिवसांचेच औषध आणतो, स्वतः जाऊन, पहाटेच्या गाडीने.

खोकल्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. टाइप टू रुग्णांवरील चाचण्यांत साधारण चौघांपैकी एकाला खोकला आला होता. मला पहिले सहा आठवडे ओढल्याबरोबर पाच-सात कोरडे ठसके येत, पुढे ते एक-दोनवर आले. तूर काढणीच्या दिवसांत, खळ्यावर भुसा उडत असताना, ते परत वाढले होते. ओढण्याआधी घोटभर पाणी पिण्याचा मला उपयोग होतो.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए1सीचा, आकडा जानेवारीत 8.6 होता आणि मे अखेरीस 7.9 निघाला. गोळ्या चालू असलेल्या रुग्णांवर झालेल्या 24 आठवड्यांच्या चाचणीत पूड घेणाऱ्यांचा आकडा सरासरी 0.8ने उतरला होता आणि औषध नसलेली पूड ओढणाऱ्यांचाही 0.4ने. मी आधीपासून सुईवर होतो, त्यामुळे माझी उतरण पुडीमुळे किती आणि दुपारची मात्रा आता चुकत नाही यामुळे किती, हे सांगता येत नाही. माझा कौल दुसऱ्या कारणाकडे आहे.

सहा महिन्यांची स्पायरोमेट्री पुढच्या महिन्यात आहे. जानेवारीचा कागद सोबत न्यायचा आहे, कारण पुडीने फुंकर किंचित कमी होऊ शकते आणि ती किती झाली हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच कळते. तो निकाल ठीक आला तर दोन्ही जेवणांची पूड चालू ठेवीन. पुढच्या एप्रिल-मेमध्ये मात्र सुईवर परत जाण्याबद्दल डॉक्टरांशी आताच बोलून ठेवले आहे.