मांजराचा डायबिटीस: इन्सुलिन, सिरिंज आणि ग्लुकोमीटर, काही महिने वापरून आलेला अनुभव

आमच्या गुंड्याला (बोका, नसबंदी झालेला, वय नऊच्या पुढं) उन्हाळ्यात डायबिटीस निघाला, तेव्हापासून घरी इन्सुलिन चालू आहे. साताऱ्यात हे करताना काय काय लागलं, काय चांगलं निघालं, कशात पैसे घालू नयेत ते सगळं लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. इन्सुलिन कुठल्या कंपनीचं यापेक्षा तुमच्याकडं ग्लुकोमीटर आहे का आणि तुम्ही तो रोज वापरता का हे दहापट महत्त्वाचं आहे. मीटर नसेल तर डोस म्हणजे नुसता अंदाज, आणि मांजराच्या बाबतीत तो अंदाज जिवावर बेतू शकतो.

लक्षणं सगळी ठरलेलीच होती, पाण्याचं भांडं सारखं रिकामं, लिटरमधे (त्याच्या शी-शूच्या वाळूत) भलेमोठे गोळे, खाणं दुप्पट आणि तरी पाठीचं हाड हाताला लागायला लागलेलं. त्यात मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीवर टेकवून चालायला लागला, सशासारखा. सोफ्यावर उडी मारायचा नाही, आधी पुढचे दोन पाय ठेवून स्वतःला वर ओढायचा. शुगर खूप दिवस वाढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो त्यामुळं असं होतं. आधी त्याला हिरड्यांच्या सुजेसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली होती, वजनही जास्त होतं, ही दोन्ही कारणं मांजराच्या डायबिटीसमधे मोठी समजतात.

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत तो टोपलीत ओरडून ओरडून दमला होता, आणि तिथं शुगर आली चारशेच्या वर. पण डॉक्टर म्हणाले की मांजर घाबरलं की निरोगी असलं तरी शुगर तीनशेच्या आसपास जाऊ शकते, म्हणून एका आकड्यावर डायबिटीस ठरवत नाहीत, लघवीत साखर बघतात आणि फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट करतात, तिच्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. दोन्ही खराब आले, मग इन्सुलिन सुरू. तुमच्याकडं कोणी नुसत्या एका रीडिंगवर इन्सुलिन लिहून देत असेल तर ही टेस्ट नक्की विचारा.

आता इन्सुलिन. आम्हाला ग्लार्जिन दिलं, माणसांचंच, लँटस किंवा बेसालॉग नावानं कुठल्याही मेडिकलमधे मिळतं. हे १०० युनिट प्रति एमएल असतं. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी गोची इथंच आहे! भारतात माणसांच्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची, आणि १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमधे ग्लार्जिन एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं की मांजराच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातात. माणसाचं यात काहीतरी निभावेल, पाच किलोच्या जिवाचं काय होणार. पहिल्याच दिवशी एका मेडिकलवाल्यानं मला लाल टोपणाचंच पाकीट काढून दिलं, "मॅडम सगळ्या सेमच असतात" म्हणाला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर केशरी असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या म्हणून मी ते घेतलं नाही.

घरात तर आणखी पंचाईत, कारण सासूबाईंना (आम्ही आईच म्हणतो) स्वतःला इन्सुलिन आहे, ४० वालं. म्हणजे एकाच फ्रीजमधे दोन प्रकारची इन्सुलिनं आणि दोन प्रकारच्या सुया. आई म्हणाल्या, "अगं माझ्याच सुया वापर की, कशाला वेगळा खर्च." त्यांना मी दोन्ही सिरिंज शेजारी धरून रेघा दाखवल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच त्यांचा स्टीलचा डबा वरच्या कप्प्यात हलवला आणि गुंड्याचा प्लॅस्टिकचा डबा खाली, त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी. ज्यांच्या घरात माणसाचं इन्सुलिन आहे त्यांनी हे पहिल्या दिवशीच करा.

सिरिंज ०.३ एमएलची आणि अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर फारच बरं. इन्सुलिनचं पेन मी घेतलं नाही, साधं पेन एकेक युनिटनं फिरतं आणि आपल्याला अर्ध्यात काम असतं. मोठी बाटली घेण्यापेक्षा ३ एमएलची कार्ट्रिज परवडते, त्यातच ३०० युनिट असतात, डॉक्टरांनी त्यातून सिरिंजनं कसं काढायचं ते दाखवून दिलं. फ्रीजमधे मधल्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या खणाजवळ नको, एकदा गोठली की फेकायची. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ दिसलं की वापरायचं नाही, आणि त्यात पाणी वगैरे घालून पातळ अजिबात करायचं नाही. पावसाळ्यात आमच्या शाहूपुरीत लाईट तासन्‌तास जाते तेव्हा फ्रीज न उघडता तसाच बंद ठेवते, काही बिघडलं नाही. गावाला जाताना थर्मासमधे, बर्फाला चिकटणार नाही अशी फडक्यात गुंडाळून.

टोचण्याची मला जी भीती होती ती चार दिवसांत गेली. खायला दिलं, खातोय बघितलं, मग बरगडीच्या बाजूची कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई आत. मानेवरच रोज टोचत बसू नका, जागा बदलत राहा. कधी सुई कातडीच्या पलीकडून बाहेर येते आणि केस ओले लागतात, इन्सुलिनचा वास येतो, अशा वेळी किती आत गेलं ते कळत नाही, तर परत टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक वेळ चुकली तर थोडी शुगर वाढेल, पण डबल गेलं तर मोठं संकट. आणि खाल्लंच नाही तर न टोचता आधी डॉक्टरांना फोन.

खरी मेहनत कानाची, शुगर बघायला रक्ताचा थेंब तिथूनच काढायचा असतो. सुरुवातीला रक्तच यायचं नाही, तो कान झटकायचा, मीटरची पट्टी वाया, आणि पट्ट्या स्वस्त नाहीत. मग युक्ती सापडली ती अशी, मोज्यात तांदूळ भरून तव्यावर जरा कोमट करायचा, आधी आपल्या गालाला लावून बघायचा, मग कानाला अर्धा मिनिट धरायचा, कानामागं कापसाचा बोळा आणि कडेच्या शिरेच्या अगदी बाहेरच्या बाजूला टोचायचं. मोहरीएवढा थेंब येतो तेवढा पुरतो, ०.६ मायक्रोलिटरवर चालणारा मीटर घ्या म्हणजे झालं. टोचून झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. आता डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतः येऊन मांडीवर बसतो.

मीटर माणसांचाच आहे. तो मांजराचं रक्त सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, प्राण्यांसाठीचा अल्फाट्रॅक वेगळा येतो पण त्याच्या पट्ट्या मागवत बसायला मला जमलं नसतं. डॉक्टर म्हणाले एकच मीटर धरून चाला, सगळे आकडे त्याच्यावरचेच मला सांगा, मी त्या हिशोबानं डोस ठरवतो. तसंच चाललंय आणि छान चाललंय.

डोस सकाळी सातला एक युनिट, संध्याकाळी सातला एक युनिट असा सुरू झाला. पहिल्या आठवड्यात आकडे तीनशेच्या खाली यायचे नाहीत आणि घरातले सगळे म्हणायला लागले वाढव की जरा. ग्लार्जिनला अंगात जम बसायला काही दिवस लागतात, म्हणून डोस रोज हलवायचा नसतो, किमान पाच-सात दिवस तोच ठेवायचा आणि वाढवला तरी अर्ध्या युनिटनं. आणि डोस ठरवायला फक्त टोचायच्या आधीचा आकडा पुरत नाही, मधला सगळ्यात खाली गेलेला आकडा बघावा लागतो. त्यासाठी एका रविवारी दर दोन तासांनी कान टोचून दिवसभराचा आलेख काढला, सकाळी ३४०, दुपारी एकच्या सुमारास १९०, संध्याकाळी परत तीनशेच्या वर. तो वहीतला आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर बघून डॉक्टरांनी दीड केलं, पुढं दोन.

मग पावसाळ्याच्या शेवटी एके संध्याकाळी टोचायच्या आधी बघितलं तर ५२! गुंड्या कपाटाखाली जाऊन बसलेला, हाक मारली तर बाहेर आला पण मागून डुलत, डोळे मोठे झालेले. इन्सुलिन दिलंच नाही, बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळला (तोंडात ओतायचा नाही, ठसका लागतो), पुढं खायला ठेवलं. पंधरा मिनिटांनी ७४, मग ११०, रात्रभर दर दोन तासांनी बघत बसले. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर मध चोळत चोळतच दवाखाना गाठायचा असतो, तशी वेळ आली नाही. डॉक्टरांनी डोस सरळ एकवर आणला. त्या दिवशी मीटर नसता तर मी नेहमीप्रमाणं दोन युनिट देऊन झोपायला गेले असते.

शुगर अशी खाली यायचं कारण चांगलं होतं, त्याच्या शरीराला स्वतःचं इन्सुलिन परत जमायला लागलं होतं. लवकर उपचार आणि कमी कार्ब (कर्बोदकं) खाणं असलं की काही मांजरांना पुढं इन्सुलिन टोचावंही लागत नाही. आम्ही कोरडे दाणे हळूहळू बंद केले, आईंचं दूध-चपाती कुस्करून देणंही बंद (त्यांना फार जड गेलं ते). खाणं बदललं की शुगर उतरते, तेव्हा डॉक्टरांना सांगूनच बदला. ओल्या खाण्याचं पाकीट घेताना १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा, उरतं ते कार्ब, ग्रेव्हीवाल्यात ते जास्त निघतं. नुसतं उकडलेलं चिकन रोजचं जेवण म्हणून चालत नाही, टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं एक अमिनो आम्ल) आणि कॅल्शियम कमी पडतं.

गोळी नाही का मिळत असं सगळेच विचारतात. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मधे मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळ्या मंजूर झाल्या, २०२३ मधे वेलाग्लिफ्लोझिनचं तोंडातून द्यायचं औषध, पण ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना देत नाहीत आणि त्यात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते, जास्त झाले की जिवाला धोका) वाढायचा धोका असतो, त्यामुळं आमच्यासाठी तो विषयच नाही. कीटोनच्या लघवीच्या पट्ट्या मात्र घरात ठेवा, मांजर खात नाही, उलट्या करतंय, मलूल पडलंय आणि पट्टी जांभळट झाली तर सकाळची वाट बघू नका.

सध्या अर्धा युनिट सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आकडे ९० ते १५० मधे, पाय बऱ्यापैकी सरळ पडतात, खिडकीत परत उडी मारतो. असेच राहिले तर पुढच्या महिन्यात इन्सुलिन थांबवून बघू म्हणालेत डॉक्टर, पण थांबलं तरी कान टोचणं चालू राहणार, कारण शुगर परत वाढू शकते. अर्ध्या युनिटच्या रेघांच्या केशरी सिरिंज सातारा-कराडकडं कोणाला नियमित मिळत असतील तर दुकान सांगा, मी दर वेळी पुण्याहून मागवतेय.