नौपाड्यातील सेन्सर तपासणी: मान मोजली, पण कशी?

सर्व्हायकल डिस्टोनियामध्ये मानेचे स्नायू इच्छेविरुद्ध आकुंचन पावतात. माझे डोके त्यामुळे सहा वर्षांपासून डावीकडे वळलेले असते. स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने साधारण दर तीन महिन्यांनी घ्यावी लागतात आणि दर वेळी डॉक्टरांच्या "फरक पडला का?" या प्रश्नाला मी त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे उत्तर देतो. म्हणून ठाण्यात नौपाड्यातील एका फिजिओथेरपी केंद्रात इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी आणि चार आठवड्यांनी अशी दोनदा सेन्सर तपासणी करून घेतली.

एक सेन्सर कपाळावर आणि दुसरा छातीच्या हाडावर बांधून दोन्हींतील फरक ही मानेची हालचाल धरतात. त्यामुळे मान वळत नसली की खांद्यांसकट धड फिरवण्याची माझी जुनी लबाडी लगेच उघडी पडली. स्वस्थ बसलेले असताना डोके आधी 24 अंश डावीकडे होते, नंतर 11 अंश. रुग्णाला दिवसभर छळते ते हेच वळण. अहवालात मात्र ते तिसऱ्या पानावर आहे, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत उजवीकडे वळण्याची मर्यादा 52 वरून 55 अंशांवर गेल्याचे छापले आहे.

पहिल्या वेळी मला लोखंडी कपाटाशेजारी बसवले होते. झुकण्याचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने नीट मिळतो, पण वळण्याचा कोन सावरण्यासाठी यंत्र चुंबकीय दिशेची मदत घेते आणि जवळच्या लोखंडाने ती चुकते. आकडे आपोआप सरकताना दिसले तेव्हा मी तसे म्हटले. तरुण थेरपिस्टने वाद न घालता "काका, इकडे बसा" म्हणून खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर सगळे मोजमाप पुन्हा घेतले. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

खरी अडचण कपाळावरच्या पट्ट्याची आहे. या आजारात हनुवटीला किंवा गालाला बोट लावले की अनेकांची मान थोडा वेळ सरळ होते. माझ्या बाबतीत घट्ट पट्टाही तेच काम करतो, म्हणजे मोजण्याचे साधनच मोजायची गोष्ट बदलते. दुसऱ्या वेळी मी पट्ट्याऐवजी चिकटपट्टी लावून घेतली, तेव्हा 11 अंशांपर्यंत झालेली सुधारणा खरी मानायला हरकत नाही. आधीचे 24 बहुधा कमीच भरले असावेत. वेदनेची नोंद मात्र कुठेच नाही. डॉक्टर या आजाराचे मोजमाप करायला वापरतात त्या टोरांटो मापनश्रेणीत 85 पैकी 20 गुण वेदनेचे असतात, तेव्हा ते डॉक्टरांकडून वेगळे भरून घ्यावेत. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.